उदाहरणातला पत्ता

विल्मारचं आणि माझं भांडण एका उदाहरणावरून लागलं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

मी मॉन्तेविदेओतल्या एका सहकारी संस्थेत माहितीची पानं लिहिते. म्हणजे आमचे शहाणे प्रोग्रॅम बनवून मोकळे होतात, आणि ते वापरायचे कसे हे मी लोकांना समजेल असं लिहायचं. आधी शाळेत शिकवत होते, त्यामुळे दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करायची खोड अजून गेलेली नाही. विल्मार, आमच्यातला मुख्य प्रोग्रॅमवाला, मला चिडवायला मास्तरीणबाई म्हणायचा. मी त्याला काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. एचेगोयेन आडनावाचा बास्क गडी तो. एकदा मान हलवली की बैलजोडी लावली तरी हलणार नाही.

आमची संस्था एजंट बनवते. एजंट म्हणजे तुमची किरकोळ कामं परस्पर उरकणारा प्रोग्रॅम. वीजबिल भरतो, दवाखान्याची वेळ घेतो, औषधाच्या दुकानामागे लकडा लावतो. आता घरोघरी झालेत. मग या सगळ्यांना आपापसात बोलायला काहीतरी हवं म्हणून विल्मारनं 'चास्के' केलं. चास्के म्हणजे आमच्याकडचा जुन्या काळचा घोड्यावरचा जासूद. माझ्या एजंटनं तुझ्या एजंटला त्याच्या पत्त्यावर थेट मेसेज पाठवायचा. मध्ये कोणी नाही, तिसऱ्या कुणाला वाचता येत नाही, संस्थेलासुद्धा नाही. काम फक्कड होतं, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

त्याचं पान लिहायचं माझ्याकडे आलं. आता यातली गंमत अशी की हे पान माणसं वाचतच नाहीत. एजंट वाचतात. नवा एजंट आला की आधी माझं पान वाचतो, त्यातलं उदाहरण जसंच्या तसं पाठवून बघतो, उत्तर आलं की शिकला. म्हणून उदाहरणात खोटा पत्ता घालायचा, कुठेही न जाणारा. जगभर तसंच करतात. मी तसंच केलं होतं.

विल्मार माटेची, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाची, वाटी आणि बगलेत थर्मास घेऊन माझ्या टेबलापाशी आला, पान वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? याला उत्तर येतं का?"

"कसं येईल? खोटा पत्ता आहे तो."

"मग हे उदाहरण नाही, थाप आहे. शिकणाऱ्याला उत्तर आलं पाहिजे. माझ्या एजंटचा पत्ता घाल."

"डोकं फिरलंय का तुझं? अख्ख्या जगातनं मेसेज येतील तुला."

"येऊ देत. मी कुठे वाचत बसणार आहे? एजंट देईल उत्तर." मग त्यानं माझ्या हातातला कीबोर्ड ओढला आणि मेसेजच्या जागी स्वतःच लिहिलं: 'जेवलास का, म्हाताऱ्या?'

आमच्याकडे मुलं बापाला लाडानं म्हातारा म्हणतात, बाप तिशीचा असला तरी. पण ते घरात. मी म्हटलं, "विल्मार, हे माहितीचं पान आहे, तुझं स्वयंपाकघर नाही. 'नमस्कार, ही चाचणी आहे' असं लिही."

"तसं सगळेच लिहितात."

"आणि उद्या कुणी खरंच तुला काही विचारायला आलं, तर या गर्दीत कळणार कसं?"

"मला कोण विचारणार?" तो म्हणाला, आणि वाटीत गरम पाणी ओतू लागला.

मी प्रकरण सभेपुढे नेलं. सहकारी संस्था म्हटली की पंख्याचं बटण कुणी दाबायचं यावरही मतदान होतं. आमचा अध्यक्ष दार्दो यानं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि हात वर करायला सांगितलं. मी हरले. सगळ्यांना विल्मारचीच गंमत आवडली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हरलं की पान लिहायचं, हा आमचा नियम आहे. मी लिहिलं.

त्यानं आपल्या एजंटला एक चाळणी लावून दिली, की नेमकं हेच वाक्य आलं तर समज हा कुणीतरी शिकाऊ आहे. त्याला लिही, 'हो, जेवलो. काळजी नको.' आणि मला त्रास देऊ नकोस, संध्याकाळी नुसतं सांग किती जणांनी विचारलं. झालं. रोज संध्याकाळी तो खुर्चीत मागे रेलून सांगायचा, "आज कोरियातनं विचारलं गं. आज फिनलंडच्या एका बँकेला माझ्या जेवणाची काळजी." आम्ही हसायचो. मीसुद्धा हसायचे. एकटा राहणारा माणूस, बायको गेलेली, मुलगी लांब. होऊ दे त्याची करमणूक, असं म्हणून मी गप्प बसले.

मुलीचं म्हणाल तर तिचं नाव मायते. लहान असताना शाळेतून थेट ऑफिसात यायची, मला मावशी म्हणायची, माझ्या खडूंचा चुरा करायची. आई गेली त्या वर्षी ती पाल्माला निघून गेली, स्पेनच्या त्या बेटावर, जिथे आमची अर्धी पोरं हॉटेलात काम करतात. विल्मारला वाटत होतं ती वर्षभर तरी थांबेल. विमानतळावर या बाबानं तिला काय म्हणावं? "गेलीस तर मला फोन करू नकोस." तिनं केला नाही. यानंही नंबर खोडून टाकला. जसा बाप तशी लेक. सणासुदीला कुणी तिचा विषय काढला की तो म्हणायचा, "तिला काय, तिची ती मजेत आहे. बाप मेला का जगला, एकदा विचारलं नाही तिनं." असं म्हणताना तो टेबल पुसायला घ्यायचा. टेबल स्वच्छ असायचं.

एकोणतीस तारखेला मात्र तो खुशीत असायचा. एकोणतीस म्हणजे न्योकी, हे आमच्याकडे सगळ्या घरांत ठरलेलं. विल्मार ऑफिसच्या इवल्याशा स्वयंपाकघरात बटाटे उकडायचा, पीठ मळायचा, एकेक न्योकी काट्यावरनं अंगठ्यानं घरंगळवायचा, आणि सगळ्यांना बळेबळे खायला घालायचा. मग एका एकोणतीसला त्यानं स्वतःच्या ताटातल्या तशाच ठेवल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. मी म्हटलं, "काय रे, स्वतःच्या हातचं तुलाच गिळवत नाही ना?" तो म्हणाला, "पोट बिघडलंय." पोट बिघडलेलं नव्हतं. पोटात गाठ होती, आणि ती कळली तेव्हा कापून काढण्यासारखी राहिली नव्हती.

शेवटी शेवटी त्याला इस्पितळात ठेवला. तोंडानं काही जाईना, नळीनं घालत होते. अंगावर नुसती हाडं, आणि जीभ तेवढी जशीच्या तशी. मी गेले की विचारायचा, "काय मास्तरीणबाई, माझी किती वाक्यं मारलीस आज?"

इकडे चास्केची नवी आवृत्ती यायची होती आणि पान पुन्हा लिहायचं होतं. दार्दो माझ्यापाशी येऊन उभा राहिला, चष्मा पुसत. म्हणाला, "निबिया, ते उदाहरण... म्हणजे त्याचा एजंट किती दिवस..."  मी म्हटलं, "कळलं. काढते."

पण असं एकदम काढता येत नाही. कुणी रोजच्या कामात त्या उदाहरणावर विसंबून असेल तर त्याला आधी कळवायला हवं. ते बघायचं तर विल्मारला आलेले मेसेज उघडायला हवेत, आणि ते त्याच्या परवानगीशिवाय उघडत नाहीत. मी इस्पितळात जाऊन विचारलं. त्यानं फोनवर अंगठा टेकवला. "बघ बघ. सगळ्या जगाचं माझ्यावर किती प्रेम आहे ते बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बसून मी ते उघडलं. ढीग नुसता. पण ढिगाला एक चाल होती. एजंट येतो, एकदा विचारतो, फार तर दोनदा, उत्तर मिळालं की पुन्हा फिरकत नाही. शिकला, संपलं. म्हणून मी फक्त पुन्हा पुन्हा येणारे वेगळे काढायला सांगितले. एकच निघाला. तो दर महिन्याला येत होता. दर एकोणतीस तारखेला, आमच्याकडे जेवायची वेळ होते तेव्हा. 'जेवलास का, म्हाताऱ्या?' आणि त्याखाली उत्तर, 'हो, जेवलो. काळजी नको.' पुन्हा एकोणतीस, पुन्हा तेच, पुन्हा तेच उत्तर. जवळजवळ दोन वर्षं.

पाठवणाऱ्याचा पत्ता होता, मायते-पाल्मा.

 मी उठले, स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, आणि कशासाठी आले होते तेच आठवेना. पोर विचारत होती. न्योकीच्या दिवशी, दर महिन्याला, बापाला विचारत होती. आणि आम्ही शिकवलेला तो ठोकळा तिला शिकाऊ समजून वाटेला लावत होता. मला सभेतलं माझं भाषण आठवलं. माझंच बरोबर होतं. असं बरोबर असण्याला आग लागो.

सांगावं की नाही, यावर मी फार विचार केला नाही. केला असता तर सांगितलं नसतं. तशीच बस पकडून गेले.

तो जागा होता. मी खुर्ची ओढून म्हटलं, "विल्मार, मायतेनं तुला विचारलंय."

"काय विचारलंय?"

"जेवलास का म्हणून. दर एकोणतीसला. पहिल्यापासून."

त्यानं उशीवरून मान उचलली. मग म्हणाला, "नेमकं तेच वाक्य?"

"नेमकं तेच."

"तिचंच आहे ते," तो हळूच म्हणाला. "पाल्माला जायच्या आधी इथे एका दुकानात कामाला होती ना, तेव्हा रोज दुपारी फोन करायची. हॅलो नाही, काही नाही. जेवलास का, म्हाताऱ्या? एवढंच. म्हणून घातलं होतं ते पानात. म्हटलं, निदान कुणीतरी विचारेल."

"मला सांगायचं नाहीस का रे?"

"तू काढून टाकलं असतंस."

काढून टाकलं असतं, हे खरंच होतं. 

"मग मी काय म्हणालो तिला?" त्यानं विचारलं.

"हो, जेवलो. काळजी नको."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्याचं प्रोग्रॅमवाल्याचं डोकं आधी चाललं. "म्हणजे चाळणी बरोबर चालली म्हणायची," तो म्हणाला. आणि मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तो रडायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, बायकोच्या वेळीही नाही. रडायलाही ताकद लागते, ती त्याच्यात नव्हती. खांदे नुसते हलत होते. मी त्याच्या पायावर हात ठेवून बसले आणि मीही रडले. लाज कसली त्यात?

थोड्या वेळानं म्हणाला, "लिही."

मी त्याचा फोन घेतला, तिचा शेवटचा मेसेज उघडला आणि त्याच्याखाली लिहायला बसले. तो थांबत थांबत सांगत होता. 'नाही जेवलो, पोरी. आता पोटात काही राहत नाही. तू जेवतेस ना नीट? मला फोन कर.'

"आजाराचं नाव घालू का?" मी विचारलं. "आणि सुरुवातीला जरा 'ही आधीची उत्तरं माझी नव्हती' असं..."

"मास्तरीणबाई, माझ्या वाक्याला हात लावायचा नाही."

मी लावला नाही. पाठवला. दुपारची वेळ होती, मंगळवार होता. पोचला अशी खूण आली. त्यानं फोन मागून घेतला, आवाज मोठा करायला लावला आणि छातीवर ठेवला.

संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. मी म्हटलं, कामावर असेल, हॉटेलातल्या पाळ्या कशा असतात ठाऊक आहे ना. तो म्हणाला, हो, पाळ्या. मी बाहेर येऊन माझ्या एजंटकडून तिला वेगळा मेसेज घातला. बाप फार आजारी आहे, हा माझा नंबर, ताबडतोब फोन कर. तिच्या एजंटनं लगेच कळवलं की अनोळखी पत्त्यावरून आलेले मेसेज बाजूला ठेवले जातात, मालकीणबाई सवडीनं बघतील. हा नियमही माझ्याच पानावर लिहिलेला आहे, भोचक लोकांपासून बचाव म्हणून; फक्त उदाहरणातला पत्ता त्यातून वगळलेला. कपाळावर हात मारून घेतला मी. मग पाल्मात कुणाकुणाची पोरं आहेत ते आठवून एकेकीला फोन लावत बसले. मायतेला ओळखणारी एक निघाली, पण तीही जुन्याच घराचा पत्ता सांगत होती.

बुधवारी सकाळी गेले तेव्हा फोन छातीवरच होता. नर्स म्हणाली, अंग पुसतानाही काढू देईनात हो. त्यानं मला विचारलं, "वाजला होता का मी झोपलो तेव्हा?" मी म्हटलं, नाही. "चार्ज आहे ना?" आहे. दुपारी पुन्हा तेच विचारलं. नंतर नुसतंच बघत होता, माझ्याकडे नाही, फोनकडे. दिवेलागणीला गेला.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला फार वेळ ठेवत नाहीत. गुरुवारी सकाळी आम्ही सगळे अंत्यविधीच्या हॉलमध्ये होतो. संस्थेची माणसं, दोन शेजारी, दार्दो काळ्या कोटात घामाघूम. माटेची वाटी फिरत होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. स्पेनचा नंबर. मी फुटपाथवर आले.

"निबिया मावशी का? मी मायते. तुमचा मेसेज आत्ता बघितला. काय झालंय? कसा आहे तो?"

"पोरी," मी म्हटलं, "गेला. काल संध्याकाळी."

पलीकडे मागे ताटल्यांचा आवाज येत होता. मग ती एकदम ओरडलीच माझ्यावर. "असा कसा गेला? या एकोणतीसला तर म्हणाला जेवलो! दर वेळी म्हणतो! काळजी नको म्हणतो!"

"मायते, ऐक. ते तो म्हणत नव्हता."

मी सगळं सांगितलं. उदाहरण, चाळणी, शिकाऊ एजंट, सगळं. आयुष्यभर लोकांना समजेल असं लिहिलं, पण त्या फुटपाथवर सांगताना माझी एक ओळ धड येईना. 

"म्हणजे त्याला माहीतच नव्हतं मी विचारत होते?"

"परवापर्यंत नव्हतं."

"मला वाटायचं, उत्तर देतो पण उलटून कधी विचारत नाही," ती म्हणाली. "दोन ओळींचं तुटक उत्तर. राग आला होता मला. फोन करू नकोस म्हणाला होता, नाही केला. पण त्याच्या एजंटचा पत्ता माझ्याकडे होता, विचारायचं मी सोडलं नाही ना? नंतर नंतर वाचवेना ते. एजंटला सांगून ठेवलं, दर एकोणतीसला विचार, आणि उत्तर आलं की ठेवून दे. उत्तर नाही आलं तरच मला सांग."

 मी हॉलच्या पायरीवर बसले.

"मग मावशी, यातलं त्याचं खरं एकही नाही का?"

"आहे. एक आहे. तुझ्याकडे आलंय ते, एजंटनं ठेवून दिलेल्यांत बघ. मंगळवारचं."

ती शोधत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग तो थांबला, आणि मला कळलं की सापडलं. तिनं मोठ्यानं वाचलं नाही. मला पाठ होतं.

"हे त्याचेच शब्द आहेत? तुम्ही नाही ना लिहिलेत?"

"त्याचेच आहेत. मी फक्त बटणं दाबली."

ती रडत होती. मी तिला रडू दिलं. आतून दार्दो दारात आला, निघायची वेळ झाली म्हणून हातानं खूण केली, आणि माझा चेहरा बघून परत गेला.

"मावशी," ती म्हणाली, "हे मंगळवारी आलंय."

"हो."

"आणि तो काल संध्याकाळी गेला."

"हो."

"मग तेवढा वेळ तो माझ्या फोनची वाट बघत होता का?"

मला खोटं सांगता आलं असतं. झोपेत होता म्हणता आलं असतं, शुद्धीवर नव्हता म्हणता आलं असतं, आणि कुणी मला नावं ठेवली नसती. पण दोन वर्षं तिला या घरातून खोटंच उत्तर गेलं होतं, आणखी एक माझ्याच्यानं देववेना.

"हो गं," मी म्हटलं. "बघत होता."